पांढऱ्यापुढे दोन वाटा

"वाच," जामदार म्हणाले, "आणि मला वाटतंय तसं काही नाहीये, एवढंच सांग."

त्यांनी टेबलावरून दोन कागद माझ्याकडे सरकवले. एक आमच्याच पेपराचं कात्रण होतं, कडांना पिवळं पडलेलं. 'पटावरून' हे सदर, डाव क्रमांक ११२. दुसरा कागद इंटरनेटवरून काढलेला प्रिंट. वर बुद्धिबळाचा पट, खाली चाली, आणि चालींच्या मधे मधे इंग्रजी टिपा.

मी पहिली टीप मराठीत वाचली. मग इंग्रजीत वाचली. मग खुर्ची ओढून बसलो.

२००८ सालच्या नोव्हेंबरातला तो शुक्रवार. दुपारचे अडीच वाजले होते. जामदार वृत्तसंपादक, मी क्रीडापान बघायचो. 'पटावरून' दर शनिवारी यायचं, दीड कॉलम. त्यात जगातल्या कुठल्या तरी स्पर्धेतला एक डाव आणि त्यावरच्या टिपा. चुकलेल्या चालीपुढे प्रश्नचिन्ह, उत्तम चालीपुढे उद्गारचिन्ह, आणि असं का, हे चार ओळींत. लिहायचे जयसिंगपूरचे बाहुबली मगदूम. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. चौदा वर्षांत त्यांचा मजकूर एकदाही उशिरा आला नव्हता.

"कुणी पाठवलंय?" मी विचारलं.

"मिरजेचा वाचक आहे. नाव, पत्ता, फोन, सगळं दिलंय. दिवाळीच्या सुट्टीत मुलाच्या संगणकावर बुद्धिबळाचे डाव शोधत होता, तेव्हा हे सापडलं. कात्रणं जपून ठेवणारा प्राणी. खाली वाच. उद्याच्या अंकात खुलासा आला नाही, तर हे कागद तो दुसऱ्या पेपरला देणार."

ऑफिसात इंटरनेट एकाच संगणकावर होतं, जामदारांच्या केबिनमध्ये. ते उठले, मी बसलो. प्रिंटच्या खाली छापलेला पत्ता एकेक अक्षर बघून टाइप केला. पान वरून खाली हळूहळू उघडत गेलं. दोनशे बारा डाव, सगळे टिपांसह. बनवणाऱ्याचं नाव कुठंच नाही. प्रत्येक डावावर गाव आणि साल: १९५८, १९६२, १९७१.

मी जुन्या फायली मागवल्या आणि एकेक डाव ताडून बघायला लागलो. अण्णांनी एके ठिकाणी लिहिलं होतं, 'काळ्याची गाडी अजून फलाटावरच उभी आहे.' इंग्रजीत काळ्याची ट्रेन फलाटावर उभी होती. दुसऱ्या ठिकाणी, 'हा घोडा पाहुण्यासारखा आला आणि घर बळकावून बसला.' इंग्रजीतही पाहुणा, इंग्रजीतही घर. साडेतीनपर्यंत अकरा डाव जुळले. शब्दाला शब्द.

"एकोणीसशे बासष्ट," जामदार माझ्या खांद्यावरून वाचत म्हणाले. "आणि आपल्याकडं कधी आलाय हा?"

"शहाण्णवला."

"म्हणजे म्हातारा चौदा वर्षं भाषांतर करून पाठवतोय आणि आपण छापतोय."

मलाही तेच दिसत होतं.

"सोळा ओळींचा खुलासा लिही. सदराच्याच जागी लावू, बाकीच्या जागेत जाहिरात घेऊ. सहाला पान सोडायचं. तोवर त्यांच्याकडून काही मिळालं तर फोन कर. नाहीतर हाच जाईल, त्यांच्या नावासकट."

मी लिहिला. असा मजकूर लिहायला मला कधीच वेळ लागत नसे. "'पटावरून' या सदरातील टिपा एका परकीय संकेतस्थळावरून उचललेल्या असल्याचे निदर्शनास आले आहे. श्री. बाहुबली मगदूम यांचे लेखन आजपासून थांबवण्यात येत आहे." पुढे दिलगिरी. एक प्रत जामदारांना दिली, एक घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि मोटारसायकल काढली.

अंकलीच्या पुलावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. जयसिंगपुरात सहाव्या गल्लीत पोचलो तेव्हा पाचला वीस मिनिटं कमी होती.

दार काकूंनी उघडलं. "अगं बाई, मुळीकभाऊ! या की. अहो, कोण आलंय बघा. बसा, चहा टाकते."

"नको काकू, घाईत आहे."

"घाईतच चहा प्यायचा असतो. निवांत असल्यावर जेवायचं."

"खरंच नको."

अण्णा कॉटवर बसले होते. समोर स्टुलावर पट मांडलेला, शेजारी एक रशियन पुस्तिका उघडी. त्यांनी आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. तीस वर्षं ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. कोणती गाडी कधी लागली आणि कधी सुटली, ते लिहून ठेवायचं काम. निवृत्तीनंतर गाड्या गेल्या, सवय राहिली. घरी कुणी आलं तरी वेळ वहीत जायची.

"बसा की मुळीक," ते म्हणाले. "उद्याचा मजकूर पोचला नाही का?"

"पोचला. अण्णा, मी वेगळ्याच कामाला आलोय. तुमच्या टिपा इंटरनेटवर सापडल्यात. इंग्रजीत. अकरा डाव मी स्वतः ताडून बघितलेत."

"माझ्या टिपा?"

"त्या तुमच्या आहेत का, हाच तर प्रश्न आहे."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. अण्णांनी हात पुढे केला. मी प्रिंट दिला. चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून त्यांनी तो पूर्ण वाचला. पाच मिनिटं तरी लागली असतील.

"इंग्रजी बरं आहे," ते म्हणाले.

"त्याच्यावर एकोणीसशे बासष्ट लिहिलंय, अण्णा."

"डाव बासष्टचाच आहे."

"आणि टिपा?"

त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही किती वर्षं माझा मजकूर बघताय?"

"तेरा."

"तेरा," ते म्हणाले.

मी स्टुलावरची पुस्तिका उचलली. "हे कुठून येतं तुमच्याकडं?"

"पुण्याच्या जुन्या बाजारातनं. नुसत्या चाली आहेत. अक्षरं मला वाचता येत नाहीत, चाली येतात. आठ दिवस मांडून बघतो, मग लिहितो."

"म्हणजे टिपा कुठूनच घेत नाही?"

"तुमच्या खिशात काय आहे?"

घडीचं टोक खिशातून वर आलं होतं. मी नको म्हणायच्या आत त्यांचा हात पुन्हा पुढे झाला होता. मी कागद दिला. तोही त्यांनी बोट धरून वाचला. मग कॉटवरची पेन्सिल उचलून एका शब्दावर रेघ मारली.

"'उचललेल्या' कशाला? 'चोरलेल्या' लिहा. एक अक्षर वाचेल. तुम्हाला जागेची अडचण असते."

"अण्णा, मला हे छापायचं नाहीये. म्हणून तर आलोय."

"छापून ठेवलंय की. नुसतं मशिनीवर जायचं राहिलंय."

काकू दारात येऊन उभ्या होत्या. "अहो, सांगा की त्यांना! दिवसभर त्या पटावर डोकं घालून बसता, आंघोळीला चारदा हाक मारावी लागते, ते काय दुसऱ्याचं उतरवून काढायला? सांगा की!"

"काय सांगू? तू सांगून ते मानणार आहेत? मी सांगून मानणार आहेत?" अण्णांचा आवाज चढला नाही. "इंग्रजी आधी आणि मराठी मागनं, हे ते येतानाच ठरवून आलेत. आता मी शपथा घेत बसू का?"

"मग सहा वाजता हा खुलासा जाईल, अण्णा."

"जाऊ दे. गाडी वेळेवर सुटली पाहिजे."

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. पाच दहा.

"ताट वाढ," ते काकूंना म्हणाले.

हे मला माहीत होतं आणि तरी मी विसरलो होतो. मगदूमांच्या घरी सूर्यास्ताच्या आत जेवण व्हायचं, आणि अण्णा जेवताना बोलत नसत. एक शब्दही नाही, दारात कलेक्टर आला तरी नाही. म्हणजे पुढचा अर्धा तास माझ्या हातून गेला होता.

उठण्याआधी त्यांनी कॉटखालची पत्र्याची पेटी ओढली. आत सालवार फायली होत्या. शहाण्णवची काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"डाव्या अंगाला कार्बनची प्रत, उजव्या अंगाला छापून आलेलं कात्रण. तुम्हाला दोन्ही वाचता येतंय. वाचा."

एवढं बोलून ते हात धुवायला गेले, पाटावर बसले आणि त्यांचं तोंड बंद झालं.

मी फाइल उघडली. बारीक, सरळ अक्षर, एसटीच्या फॉर्मसारखं खान्यात बसवलेलं. पण कार्बन बघून मला काय कळणार होतं? कार्बन म्हणजे पाठवलेल्याची प्रत. उतरवून पाठवलं असलं तरी त्याची प्रत अशीच निघणार. मी पानं उलटत गेलो. पलीकडे भाकरी मोडल्याचा आवाज तेवढा येत होता. काकू वाढत होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या.

खिशातला मोबाइल थरथरला.

"पाच बावीस," जामदार म्हणाले. "काय म्हणतायत?"

"जेवतायत."

"काय?"

"जेवताना बोलत नाहीत ते. दहा मिनिटं द्या."

"मुळीक, साडेपाचला मी पान लावायला घेतोय. बोलले तर बोलले."

मी डाव क्रमांक ११२ काढला, कारण त्याचा प्रिंट हातात होता. तीन कागद मांडीवर शेजारी शेजारी ठेवले: डावीकडे कार्बन, मधे कात्रण, उजवीकडे इंग्रजी प्रिंट. मुद्रितं तपासतात तसं एकेक ओळ तिन्ही ठिकाणी वाचत खाली आलो.

तेविसावी चाल. कात्रणात छापलं होतं: 'इथे पांढऱ्यापुढे दोन वाटा होत्या. पहिली: घोड्याचा बळी देऊन काळ्याच्या राजासमोरची प्यादी फोडायची. राजा उघड्यावर येतो, पण पांढऱ्याचा दमही संपतो.' आणि त्यानंतर थेट चोविसावी चाल.

दोन वाटा म्हणून एकच दिली होती.

मी इंग्रजी बघितलं. तिथेही पांढऱ्यापुढे दोन वाटा होत्या. तिथेही घोड्याचा बळी होता. आणि तिथेही त्यानंतर थेट चोविसावी चाल.

कार्बनमध्ये मात्र घोड्यानंतर पुढे मजकूर होता. 'दुसरी:' असं म्हणून अकरा ओळी.

त्या अकरा ओळी कुठं गेल्या, हे जगात दोघांनाच माहीत होतं. एक पाटावर बसून ताक पीत होता. दुसरा मी.

शहाण्णवच्या सप्टेंबरात, एका शुक्रवारी, पान लावून झाल्यावर जाहिरात आली. अकरा ओळी काढायच्या होत्या. मी नवा होतो, हात चालत होता. कुठूनही काढल्या असत्या. 'दुसरी' पासून चोविसाव्या चालीपर्यंत बरोबर अकरा भरल्या, म्हणून त्या काढल्या. सोमवारी अण्णा एसटीनं सांगलीला आले, कात्रण माझ्या टेबलावर ठेवलं आणि उभ्या उभ्या म्हणाले, "मुळीक, दुसरी वाट कुठं गेली?"

"जागा नव्हती, अण्णा."

"दोन आहेत म्हटलंय आणि दाखवलीय एक. वाचणारा दुसरी शोधत बसेल."

"शोधू दे की," मी म्हणालो होतो. टेबलाभोवतीचे सगळे हसले होते. अण्णा पुन्हा कधी त्याबद्दल बोलले नाहीत.

मी फोन लावला. पाच सदतीस.

"खुलासा काढा," मी म्हणालो.

"पुरावा?"

"शहाण्णवला मी या डावातल्या अकरा ओळी कापल्या होत्या. जाहिरातीसाठी. अण्णांच्या कार्बनमध्ये त्या आहेत, इंग्रजीत मात्र नेमक्या त्याच अकरा ओळी नाहीत. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. आपलं छापलेलं बघूनच कुणीतरी इंग्रजी केलंय."

जामदारांच्या मागे कुणीतरी पानाची लांबी ओरडून विचारत होतं.

"कार्बन काय, कालही काढता येतो," ते म्हणाले.

"येईल. पण बासष्ट साली परदेशातल्या माणसानं माझी कात्री कशी चालवली, ते सांगा."

"तूच कापलंस, हे लोकांना कोण सांगणार?"

"मीच. माझ्या नावानं छापा."

"विचार कर. जागेसाठी आपण लेखकाचा मजकूर अर्धा तोडतो, हे तू तुझ्या नावानं कबूल करणार. मालक वाचतील."

"वाचू देत."

मग त्यांचा नेहमीचा आवाज आला, कामाचा. "बाकीच्या जागेत जाहिरात लावून झालीय, खुलासा काढला तर सोळा ओळींची जागा रिकामी पडते. काय लावू तिथं? वीस मिनिटं आहेत."

"पाच ओळी मी सांगतो. अकरा तयार आहेत."

मी उभा राहिलो, पुसट झालेला कार्बन खिडकीच्या उजेडात धरला आणि सांगायला लागलो. पलीकडे जामदार स्वतः लिहून घेत होते. 'या सदरातील डाव क्रमांक ११२ मधील पुढील मजकूर मी जागेअभावी वगळला होता. या सदरातील टिपा श्री. मगदूम यांच्या स्वतःच्या असून त्यांचे इंग्रजी भाषांतर इंटरनेटवर आढळते. त्या अपूर्ण छापल्या गेल्या, ही चूक माझी आहे. शशिकांत मुळीक.' मग अण्णांचा मजकूर: 'दुसरी: काहीही न फोडता हत्ती एक घर मागे घ्यायचा...'

"हत्ती नव्हे. उंट."

अण्णा माझ्या मागे उभे होते. जेवण झालं होतं, हात ओले होते.

"उंट," मी फोनवर म्हणालो. "हत्ती खोडा."

"'...उंट एक घर मागे घ्यायचा,'" अण्णा कागदाकडे न बघता सांगू लागले आणि मी त्यांच्यामागून फोनमध्ये म्हणत गेलो. "'ही वाट पटावर सहसा दिसत नाही. पुढे जाणाऱ्या चाली आपण आधी बघतो. मागे येणारी चाल बघायला शेवटी वेळ उरत नाही.'"

अकरा ओळी संपल्या. जामदारांनी ओळी मोजल्या. सोळा भरल्या होत्या.

"सोडतोय," ते म्हणाले आणि फोन बंद झाला.

अण्णांनी घड्याळाकडे बघितलं. "सहाला आठ कमी. सुटली गाडी."

काकूंनी काही न विचारता चहा आणून ठेवला. मी प्यायलो. अण्णा पुन्हा पटावर वाकले होते.

त्या संकेतस्थळावर एक ईमेलचा पत्ता होता. मी लिहिलं, चार दिवसांनी उत्तर आलं. माणूस कुरुंदवाडचा निघाला, इरफान मुजावर. दोहाला नोकरीला होता. वडील दर महिन्याला कात्रणं पाठवायचे. तिथल्या मित्रांना मराठी येत नाही म्हणून तो सुट्टीच्या दिवशी इंग्रजी करून ठेवायचा. अण्णांच्या एसटीच्या गाडीची ट्रेन त्यानंच केली होती. 'नाव घालायला हवं होतं, पण इथं अण्णांना कोण ओळखतं असं वाटलं. चुकलं. त्यांना माझा सलाम सांगा. आणि दुसरी वाट मी बारा वर्षं शोधत होतो.' त्या आठवड्यात त्यानं प्रत्येक डावाखाली अण्णांचं नाव आणि गाव घातलं. क्रमांक ११२ मध्ये अकरा ओळी भरल्या. मिरजेच्या वाचकाला मी त्याचं पत्र दाखवून आलो. तो अण्णांना भेटायला गेला आणि तीन डाव हरून परत आला.

सदर पुढं सात वर्षं चाललं. त्या संध्याकाळचा विषय अण्णांनी काढला नाही, मीही काढला नाही. २०१६ च्या मार्चमध्ये ते गेले. पंधरा दिवसांनी काकूंचा फोन आला, फायली घेऊन जा म्हणून.

पेटी ऑफिसात आणून मी २००८ ची फाइल काढली. नोव्हेंबरात दोन कात्रणांच्या मधे माझा खुलासा चिकटवलेला होता, घडीच्या खुणांसकट. 'उचललेल्या' वर पेन्सिलीची रेघ तशीच. त्या शुक्रवारी तो मी कॉटवर विसरलो होतो. समोरच्या पानावर, खान्यात बसवलेल्या त्याच अक्षरात, लिहिलं होतं:

४.४० मुळीक आले.
४.४१ चहा नको म्हणाले. ?
४.४५ विचारलं नाही, सांगितलं. ??
५.१० फाइल दिली. दुसरी चाल नव्हती.
५.३७ फोन लावला. !
५.४३ स्वतःचं नाव घातलं. !!
५.५२ पान सुटलं.

खाली एक टीप होती. 'पहिल्या चालीला मुळीकांपुढे दोन वाटा होत्या. पहिली त्यांनी खेळली. दुसरी: कागद खिशातच ठेवून चहा घ्यायचा आणि विचारायचं, अण्णा, हे काय आहे? मी पाच मिनिटांत फाइल काढली असती. पण पहिली वाट धरूनही त्यांनी डाव सोडवला. अशा स्थितीतून फार थोडे सोडवतात.'

पुढच्या शनिवारी मी ते पान जसंच्या तसं छापलं, प्रश्नचिन्हांसकट. 'पटावरून', शेवटचा डाव. चार ओळी जास्त होत होत्या. त्या मी हॉकीच्या बातमीतून काढल्या.